काळ्या मातीवरचे घर आणि भेगांची वही

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या घराच्या नैऋत्य कोपऱ्यात, खिडकीच्या वरच्या कोनापासून कोपऱ्याकडे तिरकी चढत गेलेली एक भेग आहे, आणि गेली तीन वर्षे मी तिची मोजमापे एका वहीत लिहून ठेवीत आले आहे. पुण्याच्या पूर्वेला हडपसर, मांजरी, लोणी काळभोर ते उरुळी कांचनपर्यंत काळ्या मातीचे पट्टे आहेत आणि ज्या जमिनीत ऊस जोमाने वाढला त्याच जमिनीवर आता आमच्यासारख्यांची घरे उभी आहेत. अशा घराला तडा गेला की माणूस आधी गवंड्याला बोलावतो. मीही तेच केले होते. आज मात्र मला मनापासून वाटते की गवंड्याच्या आधी पाण्याचा माग काढला पाहिजे आणि भेगेला हात लावण्यापूर्वी ती एक पूर्ण वर्ष मोजली पाहिजे.

पहिली दुरुस्ती आम्ही मे महिन्यात करून घेतली. कारागिराने भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा कापला, आत घट्ट सिमेंट भरले, वरून जाळी मारून पुन्हा गिलावा केला आणि रंग दिला. काम नीटनेटके दिसत होते. दसऱ्याच्या सुमारास त्याच जागेचा गिलावा फुगून सुटला आणि मूळ भेगेच्या चार बोटे पलीकडे, चांगल्या विटांमधून, नवी चीर निघाली. त्या वेळी आम्हाला हे कारागिराच्या हलगर्जीपणाचे फळ वाटले, परंतु दोष हाताचा नव्हता, वेळेचा होता. मे महिन्यात भेग सर्वांत जास्त उघडी असते. त्या उघड्या जागेत आपण कडक पाचर ठोकून ठेवतो, पावसाळ्यात कोपरा वर येऊ लागला की भेगेला मिटायला जागा उरत नाही, आणि भिंत दुसरीकडे फुटते.

हे समजण्यासाठी माती समजून घ्यावी लागते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या मधोमध पाणी शिरते तेव्हा माती फुगते आणि ते पाणी निघून गेले की ती आकसते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि नंतर एप्रिल-मेच्या उन्हात हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा शेतात पडतात. म्हणजे जमीन दरवर्षी एकदा वर येते आणि एकदा खाली बसते. घराच्या मध्यभागाखालची माती फरशीने झाकलेली असल्यामुळे तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हात सुकते, म्हणून आधी कोपरे खचतात. पाच-सहा मजली इमारत वजनाने जड असते आणि तिचा पाया बहुधा काळी माती ओलांडून मुरुमावर किंवा खडकावर नेलेला असतो. सर्वांत जास्त हाल होतात ते एकमजली, भिंतींवर भार पेलणाऱ्या घरांचे, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन त्यांच्यात नसते.

आमचे घर सासऱ्यांनी १९८४ साली बांधले. डबराचा पाया, त्यावर घडीव दगडाचा जोता आणि वर नऊ इंची विटांच्या भिंती अशी त्या काळची सर्वसाधारण रचना आहे. पाया तीन फुटांवरच का थांबवला, असे मी एकदा त्यांना विचारले होते. एप्रिलमध्ये खोदकाम चालू होते, तीन फुटांवर कुदळ उसळू लागली, तेव्हा कडक जमीन लागली असे सर्वांनी धरले, असे ते म्हणाले. पुढे दुरुस्तीला आलेल्या वयस्कर मिस्त्रींना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात ही माती दगडाचं सोंग घेते. पाया ठरवायचा तर तिला पावसानंतर बघायचं." भारतातल्या काळ्या मातीच्या प्रदेशांत ओलीचा हंगामी चढउतार साधारणपणे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो असे धरले जाते, आणि रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने जे बुंध्याशी कंद असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, या मातीसाठी रुजवले त्यांचे तत्त्वही हेच आहे: हलणारा थर ओलांडून खालच्या स्थिर थराला घट्ट धरायचे. नव्याने घर बांधणाऱ्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. उभ्या घराच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सरळ नसते.

आम्ही गाठलेल्या स्थापत्य अभियंत्याने प्रथम दोन कामे करायला लावली. एक म्हणजे मातीची परीक्षा. भट्टीत वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात, एकात रॉकेल आणि दुसऱ्यात शुद्ध पाणी ओततात व ती किमान चोवीस तास तशीच ठेवतात. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्ही आकारमानांमधला फरक रॉकेलातल्या आकारमानाच्या किती टक्के आहे त्यावरून तिचा स्वभाव कळतो. हा आकडा ५० च्या आत असेल तर धोका कमी समजतात, १०० च्या पुढे गेला तर काळजी घ्यावी लागते. आमचा आकडा १०० च्या पुढे होता. प्रयोगशाळेत ती दोन पात्रे शेजारी-शेजारी पाहिली तेव्हा घराबद्दलची माझी सगळी समजूतच बदलली.

दुसरे काम म्हणजे वही. भेगेच्या दोन्ही अंगांना एक-एक स्क्रू बसवायचा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या एकाच वेळी, त्यांमधले अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजायचे. त्याच्या जोडीला पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने जोत्याच्या चारही कोपऱ्यांची पातळी पाहायची. मे महिन्यात भेग वरच्या टोकाला साडेसहा मिलिमीटर उघडी होती, सप्टेंबरअखेर ती अडीचवर आली, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा साडेसहाच्या थोडी पुढे गेली. नैऋत्य कोपरा उन्हाळ्यात ईशान्य कोपऱ्यापेक्षा सुमारे बारा मिलिमीटर खाली असे, पावसाळ्यानंतर हे अंतर पाचाच्या आसपास येई. ईशान्य कोपरा वर्षभर जागचा हलत नव्हता, हे मला सर्वांत विचित्र वाटले. त्याचे कारण पुढे सापडले: न्हाणीघराची जुनी मातीची नळी जोत्याबाहेर दोन हातांवर तडकलेली होती आणि तिच्या पाण्याने तिकडची माती बारमाही फुगलेली राहत होती. म्हणजे एक कोपरा कायम ओला आणि दुसरा ऋतूनुसार ओला-कोरडा, आणि भिंत बिचारी या दोघांच्या ओढाताणीत सापडलेली.

भेग पाहताना ती वर रुंद आहे की खाली, याकडे लक्ष द्यावे. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा भिंतीचे टोक खचत असते. खाली रुंद असेल तर मधला भाग बसलेला असण्याची शक्यता अधिक. प्रत्येक भेग पायाची नसते, हेही तितकेच खरे आहे. गच्चीच्या स्लॅबच्या लगेच खाली भिंतीत आडवी रेघ पडली असेल, तर ती बहुतेक वेळा उन्हात तापून प्रसरण पावणाऱ्या स्लॅबची असते. अशा वेळी पाया खणण्यापेक्षा गच्चीला चुन्याचा पांढरा लेप देणे अधिक शहाणपणाचे ठरते. दाराचे पान पावसाळ्यात अडकते ते लाकूड फुगल्यामुळे की चौकट तिरकी झाल्यामुळे, हे चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले की कळते.

वर्ष संपल्यावर आम्ही प्रथम पाण्याचा बंदोबस्त केला. तडकलेली नळी काढून नवी बसवली, गच्चीच्या पन्हळांचे पाणी बंद नळीतून थेट रस्त्याच्या गटारापर्यंत नेले, आणि जोत्याला टेकून असलेला पारिजातकाचा वाफा सासूबाईंच्या संमतीने कुंपणाकडे हलवला. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उतार असलेला पट्टा केला. त्याच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि जोता व पट्टा यांच्यातल्या फटीत सिमेंटऐवजी डांबर भरले, कारण ती फट हलणारच होती. नैऋत्येला निलगिरीचे मोठे झाड आहे. ते तोडावे असे अनेकांनी सुचवले, पण शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शिवाय मोठे झाड एकदम काढले तर त्याने शोषलेली ओल मातीत परत भरते आणि जमीन अनेक हंगाम वर येत राहते. आम्ही फांद्या कमी केल्या आणि झाड राखले.

एवढे करूनही नैऋत्य कोपऱ्याचा पाया उथळच होता, म्हणून तेवढ्याच भागात पायाखाली नवा पाया घातला. हे काम दिवाळीनंतर सुरू केले, कारण त्या काळात माती ना चिंब असते ना वाळलेली. सुमारे चार-चार फूट लांबीचे भाग आखून एक सोडून एक खणले, जेणेकरून भिंतीचा फार मोठा भाग एका वेळी आधाराविना राहू नये. अडीच मीटरवर मुरूम लागला. तेथून वर काँक्रीट भरले, जुन्या डबराखाली तीन इंचांची फट ठेवली आणि काँक्रीट चांगले आवळल्यावर त्या फटीत जवळजवळ कोरडा मसाला ठोकून-ठोकून बसवला, कारण ओला मसाला सुकताना आकसतो आणि भार नव्या पायावर उतरतच नाही. या खड्ड्यांबद्दल मला फार तळमळीने सांगावेसे वाटते. काळ्या मातीचा उभा काठ कसलीही सूचना न देता ढासळतो, म्हणून फळ्या आणि धीरे, म्हणजे टेकू, लावल्याशिवाय कोणत्याही मजुराला कमरेच्या वर खोल खड्ड्यात उतरू देऊ नये. त्यापायी आमचे दोन दिवस अधिक गेले, आणि ते जायलाच हवे होते.

खड्डे भरताना एक चूक होता-होता टळली. सुटा, भरड मुरूम भरला असता तर चिकण मातीतला तो खड्डा पावसाळ्यात हौदासारखा पाणी धरून बसला असता. म्हणून थोडा मातकट मुरूम घेतला, तो सहा-सहा इंचांच्या थरांनी धुम्मसाने ठोकला आणि वर पुन्हा तोच पट्टा ओढून घेतला.

भिंतीचे काम सर्वांत शेवटी, पुढच्या जानेवारीत केले. भेगेवरच्या फुटलेल्या विटा एकेक करून काढल्या, नव्या विटा पाण्यात मुरवून सांधेमोड राखत, म्हणजे वरखालचे उभे सांधे एका रेषेत येऊ न देता, बसवल्या आणि दर चौथ्या थराच्या दरजेत गंजरोधक पोलादाच्या बारीक सळ्या भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जातील अशा घातल्या. मसाला सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ या प्रमाणात घेतला, कारण विटेपेक्षा कडक मसाला पुढची भेग विटेत ढकलतो. गोणपाट अंथरून सात दिवस भिंत ओली ठेवली, पण पाणी जोत्याच्या बाहेर मुरणार नाही याची काळजी घेतली.

या मेमध्ये त्या दोन स्क्रूंमधले अंतर जानेवारीपेक्षा पाव मिलिमीटरने वाढलेले आढळले. त्या जागेवर अजून गिलावा केलेला नाही. विटा उघड्याच ठेवल्या आहेत, स्क्रू जागेवर आहेत आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणारी नोंद पाहूनच तिथे थापी लावायची असे ठरले आहे.