लायब्ररीखालचं मैदान

माझे शनिवार शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन लायब्ररीत जातात. हाइड पार्कमध्ये राहायला आले तेव्हापासूनचा हा शिरस्ता. या लायब्ररीच्या जागी पूर्वी फुटबॉलचं मैदान होतं, स्टॅग फील्ड, हे मात्र अलीकडे कळलं.

इथलं फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळायचं. प्रत्येक डाव सुरू होताना किमान सात जण समोरच्यांना भिडायला ओळीत उभे राहतात. मधल्यांच्या हाती चेंडू क्वचितच येतो, त्यांचं काम वाट मोकळी करून देणं. ज्यांचं नाव त्या मैदानाला होतं ते अमोस अलॉन्झो स्टॅग येल विद्यापीठाकडून या ओळीच्या टोकाला खेळायचे. 1889च्या पहिल्या ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशभरातल्या उत्तम कॉलेज खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्यांची निवड झाली. शिकत होते मात्र धर्मशास्त्र, कारण त्यांना पाद्री व्हायचं होतं. पण भाषण जमेना, तेव्हा ते स्प्रिंगफील्डला खेळ शिकवायला गेले. तिथे त्यांच्या संघात ओळीच्या मधोमध जेम्स नेस्मिथ खेळायचे. बास्केटबॉल शोधून काढणारे तेच! पुढे तेही कॅन्सस विद्यापीठात प्राध्यापक आणि कोच झाले.

येलमध्ये स्टॅग यांना शिकवलेले विल्यम रेनी हार्पर शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1892मध्ये त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग दिला, शिवाय सहयोगी प्राध्यापकाचं पद.

हे वाचलं आणि मला आमचे पी.टी.चे सर आठवले. गणिताचा पोर्शन राहिला की हमखास त्यांचाच तास मागून घेतला जायचा. सर काही न बोलता शिट्टी खिशात टाकायचे आणि स्टाफरूमकडे वळायचे. तेव्हा आम्हा मुलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज फार वाटतं.

स्टॅग शिकागोत 41 हंगाम कोच होते. सत्तरीला विद्यापीठाने निवृत्त केलं, तरी घरी बसायला त्यांनी नकार दिला आणि कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या कॉलेजचा संघ हाती घेतला. इकडे 1939मध्ये विद्यापीठाने फुटबॉलच बंद केलं. ओस पडलेल्या मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली, 2 डिसेंबर 1942 रोजी, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. ती जागा लायब्ररीला अगदी लागून आहे. शिल्पकार हेन्री मूर यांनी घडवलेलं ब्राँझचं शिल्प आहे तिथे.

त्यानंतरच्याच वर्षी, 1943मध्ये, तिकडे स्टॉकटनला स्टॅग देशातले सर्वोत्तम कॉलेज कोच ठरले. वय 81.