तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गासाठी कोणतं अ‍ॅप चांगलं?

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्याच्या शिक्षण परिषदेत चहाचा कप हातात आला की कुणीतरी शेजारी येऊन बसतं. "मॅडम, तुम्ही ऑनलाइनचं सगळं छान करता म्हणतात. कोणतं अ‍ॅप वापरता? आम्हालाही सांगा ना." लग्नाच्या मांडवात विचारतात, रविवारी सकाळी फोन करून विचारतात. मी पूर्व नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. दर वेळी मी समोरच्यालाच विचारते: तुमच्या वर्गातला सगळ्यात साधा फोन कोणाच्या घरी आहे, आणि तो दिवसातून किती वेळ त्या मुलाच्या हातात येतो?

काहींना वाटतं, मॅडम उत्तर टाळून राहिल्या. मी टाळत नाही. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं, पण उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

एप्रिल २०२०. नववीतून दहावीत गेलेल्या मुलांचे तास मी घरून सुरू केले. बाहेर नागपूरचं ऊन, घराघरात कूलर. एका मुलीनं शंका विचारायला माइक सुरू केला की तिच्या घरचा कूलर आम्हा सगळ्यांच्या कानात घरघरायचा. तिचा प्रश्न मला कळायचा नाही, माझं उत्तर तिला ऐकू जायचं नाही. "मॅडम, आवाज नाही येऊन राहिला," एवढं एक वाक्य मात्र दर पाच मिनिटांनी स्पष्ट यायचं. कूलर बंद कर असं त्या उन्हात कोणाला म्हणणार? आणि ही जी मुलं दिसत होती ती वर्गातली निम्मीसुद्धा नव्हती. उरलेली कुठे आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

मग मी एकेका घरी फोन लावला आणि वहीच्या एका पानावर रकाने आखले. मुलाचं नाव, फोन कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, त्यावर आणखी किती भावंडं अभ्यास करतात, रिचार्ज कोणता. दोन दिवसांत पान भरलं. एका मुलीचे वडील कळमना मार्केटला हमाली करतात. फोन पहाटे त्यांच्यासोबत जातो आणि रात्री आठनंतर घरी येतो. मी सकाळी अकराला तास घेत होते! दुसऱ्या घरी तीन भावंडं, फोन एक आणि रोजचा दीड जीबी. एका मुलाचा फोन इतका जुना की झूम उघडलं की तो तापून बंदच पडायचा.

ते पान आजही मी दर वर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात नव्यानं भरते. अ‍ॅप निवडायचं काम त्यानंतरचं. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पान भरल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. ठरलेल्या वेळी सगळ्यांना पडद्यावर बोलवायचं, हा शिकवण्याचा सगळ्यात महाग प्रकार आहे. डेटा जातो, बॅटरी जाते, आणि ज्याच्याकडे फोन नंतर येतो त्याचा तासच जातो. म्हणून शिकवण्याचा मुख्य भाग मी थेट तासातून काढून टाकला. जे मुलाची वाट बघत थांबून राहू शकतं, त्यात तो घातला.

म्हणजे नेमकं काय, ते सांगते. दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवायची आहेत समजा. सकाळी सहाला, कूलर सुरू व्हायच्या आधी, मी कोऱ्या पानावर एक उदाहरण ठळक पेनानं सोडवते. एका पानावर एकच उदाहरण, ओळींमध्ये भरपूर जागा, आणि प्रत्येक पायरीला आकडा. खिडकीजवळ पान ठेवून वरून फोटो काढते. आपली सावली पानावर पडू देत नाही. मग व्हॉइस मेसेज: "तिसरी पायरी बघा. इथे वजा का आलं? वरच्या समीकरणातून खालचं वजा केलं म्हणून." दोन-अडीच मिनिटं, त्याहून जास्त नाही. असा व्हॉइस मेसेज एक एमबीच्याही आत बसतो. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं, आणि गणितात माझा चेहरा बघून मुलाला काहीच मिळत नाही. त्याला ती पायरी दिसली पाहिजे आणि माझा आवाज हवा तितक्यांदा मागे नेऊन ऐकता आला पाहिजे. कळमन्याच्या त्या मुलीनं एक मेसेज सात वेळा ऐकल्याचं मला नंतर सांगितलं. वर्गात तिनं मला सात वेळा कधीच विचारलं नसतं.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही विसरू नका. ते दीक्षा या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवर उघडतात. तिथलं साहित्य एकदा डाउनलोड केलं की नेट नसतानाही बघता येतं. शाळेत वायफाय असेल तर मुलांना तिथेच उतरवून घ्यायला सांगा.

थेट तास मी बंद केला नाही, तो फक्त शंकांसाठी ठेवला. वीस-पंचवीस मिनिटं, रात्री साडेआठला, फोन घरी आल्यावर. झूम की गूगल मीट, यावर लोक फार वाद घालतात. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटं मिळतात, मीटवर तिघांहून जास्त असतील तरी ६० मिनिटं. वीस मिनिटांच्या तासाला दोन्ही पुरतात, तेव्हा मुलांना जे आधीपासून येतं तेच घ्या. काळजी दुसऱ्या गोष्टींची घ्या. लिंक इकडेतिकडे फिरू देऊ नका आणि झूमवर वेटिंग रूम सुरू ठेवा, म्हणजे तुम्ही आत घेतल्याशिवाय कोणी येत नाही, नाहीतर अनोळखी माणूस वर्गात येऊन बसतो. कॉम्प्युटरवरून दाखवताना पूर्ण पडदा शेअर न करता तेवढी एकच खिडकी करा. फोनवरून शेअर करणार असाल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, कारण तुमचे खासगी मेसेज वर्गासमोर येतात. एकाच खोलीत दोन भावंडं दोन फोनवर असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, म्हणजे आवाज घुमणार नाही. आणि कॅमेऱ्यात आपल्याला फळ्यावरची अक्षरं उलटी दिसतात म्हणून घाबरून जाऊ नका. ती फक्त आपल्याला तशी दिसतात, मुलांना सुलटीच दिसतात. माझ्या एका सहकाऱ्यानं त्यापायी आठवडाभर फळा वापरला नव्हता.

गृहपाठासाठी मी गूगल क्लासरूम वापरते, आजही, शाळा रोज भरत असताना. वह्यांचे गठ्ठे घरी न्यायचे नसतात हे एक, आणि गैरहजर मुलाला काय बुडलं ते शोधत बसावं लागत नाही हे दुसरं. त्यातल्या काही गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्लासरूममधले विषय (टॉपिक) धड्याच्या नावानं करा, तारखेनं नाही. 'वर्गसमीकरणे' असं लिहिलं असेल तर मूल ते परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधू शकतं, '१४ जुलैचा अभ्यास' कोणीच शोधत नाही. मुदतीची नुसती तारीख टाकली तर वेळ आपोआप रात्रीची ११:५९ होते. ज्या घरी फोन रात्री येतो तिथे मूल जागत बसतं. मी मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची टाकते. प्रत्येक मुलाला स्वतंत्र प्रत द्यायचा पर्याय काम पाठवतानाच निवडावा लागतो. एकदा पाठवलं की तो बदलता येत नाही, आणि मग मुलांना कागद नुसता बघता येतो, नाहीतर सगळी मुलं एकाच कागदावर लिहायला धावतात. तपासून गुण भरले तरी 'रिटर्न' दाबल्याशिवाय ते मुलाला दिसत नाहीत. "मॅडमनी तपासलंच नाही" ही तक्रार बरेचदा तिथून येते.

पाच-सहावीच्या शिक्षकांना आणखी एक अडचण असते. तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला गूगल खातं पालकांच्या देखरेखीखालीच उघडता येतं, त्यामुळे काम बाबांच्या नावानं येतं, कधी दुकानाच्या नावानं. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: पानाच्या वर डाव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक आणि नाव, पेननं.

वहीचे आठ वेगवेगळे फोटो, त्यातले दोन आडवे, एक अंधारात, हे सगळ्यांनाच सोसावं लागतं. त्यावर उपाय साधा आहे. अँड्रॉइडवरच्या ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह असतं; त्यानं पानं स्कॅन केली की सगळी मिळून एकच पीडीएफ होते. यासाठी मी वर्गात एक पूर्ण तासिका दिली. स्वतःचा फोन टेबलावर ठेवून प्रत्येकाकडून एकेक पान स्कॅन करून घेतलं. त्या एका तासिकेनं माझे वर्षभराचे डोळे वाचले.

आता गूगल फॉर्मवरच्या चाचणीबद्दल, कारण तिथे माझ्या हातून मुलांवर अन्याय झाला होता. दहा गुणांची चाचणी होती, लहान उत्तरांची. रात्री निकाल बघितला तर वर्गातली चांगली चांगली मुलं शून्यावर. एका मुलाचा मेसेज आला: "मॅडम, मी परत परत करून पाहिलं. उत्तर १२ च येते." मी त्याचं उत्तर उघडलं. त्यानं १२ च लिहिलं होतं, देवनागरीत. माझ्या उत्तरसूचीत इंग्रजी आकड्यांतलं बारा होतं. तपासणी अक्षराला अक्षर जुळवून होते. तिच्या लेखी ही दोन वेगळी उत्तरं. मराठी कीबोर्ड लावलेल्या प्रत्येक मुलाचे गुण गेले होते. मी रात्रीच सगळे गुण दुरुस्त केले आणि सकाळी वर्गाची माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक उत्तराची जितकी रूपं बरोबर असू शकतात तितकी सगळी सूचीत भरते: दोन्ही आकडे, अक्षरी बारा, एककासह आणि एककाशिवाय. भाषेच्या शिक्षकांनो, तुम्हाला तर हे जास्तच जपावं लागेल. 'नागपूर' ऱ्हस्व लिहिलं तर अर्धा गुण द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं आहे, फॉर्मनं नाही. जिथे शंका असेल तिथे बहुपर्यायी प्रश्न द्या किंवा हातानं तपासा. फॉर्ममध्ये फाइल मागवणार असाल तर त्या फाइली तुमच्याच ड्राइव्हमध्ये साठतात. साध्या खात्यात मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबीच जागा असते. ती भरली की मेल येणंही थांबतं.

जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतील तर फॉर्ममध्ये चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील. फाइल बिघडलेली नसते, ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या पद्धतीचे, नाहीत एवढंच. पुन्हा टाइप करत बसू नका. फोनवरच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठी भाषा जोडा, माइकचं चिन्ह दाबा आणि प्रश्न वाचून दाखवा. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं तेवढी नंतर बघावी लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. वर्गाच्या साध्या गटात प्रत्येक आईचा, कधी मोठ्या मुलींचा स्वतःचा नंबर सगळ्यांना दिसतो. नको त्या वेळी नको ते मेसेज आल्याची तक्रार घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. त्या दिवसापासून मी व्हॉट्सअ‍ॅपमधल्याच 'कम्युनिटी'चा सूचना गट वापरते. त्यात सूचना फक्त अ‍ॅडमिन देतात आणि पालकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. बदलायला दहा मिनिटं लागतात. कृपा करून आजच बदला.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. नदीकाठच्या वस्तीतली आमचीही मुलं होती. त्यांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला, आणि सत्र परीक्षा तोंडावर. धड्याच्या नावानं लावून ठेवलेली माझी सगळी पानं क्लासरूमवर जशीच्या तशी होती. पण ज्यांचे फोन पाण्यात गेले, त्यांना दुसऱ्या फोनवर खातं उघडता येईना. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला, आणि वही पाण्यात. ज्यांच्या खात्याला आईचा किंवा बाबांचा नंबर जोडलेला होता त्यांना ओटीपी आला आणि खातं परत मिळालं. बाकीच्यांची नवीन खाती काढावी लागली. आता शाळा सुरू होताच प्रत्येकाच्या खात्याला घरातला कायमचा नंबर जोडून घेते, माझ्यासमोर.

यंदाच्या पानावर तीन नावांपुढे फोनचा रकाना रिकामा आहे. त्यांच्यासाठी दर शनिवारी मी आठवड्याच्या पानांची झेरॉक्स काढते, जे व्हॉइस मेसेजमध्ये बोलले ते पायरीच्या बाजूला पेन्सिलनं लिहिते आणि वर्गातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते. कोणीही घेऊन जावी, मला विचारायची गरज नाही. फोन असलेलीही बरीच मुलं ती नेतात, म्हणून आता मी दहा प्रती काढते.