किती देते?

"झिरो बघा, सर," पंपावरचा पोरगा म्हणाला. मी पाहिलं. त्या शून्याकडे पाहून मला आजवर काहीही कळलेलं नाही, पण न बघता मान वळवली तर तेवढ्यात कुणीतरी लुटेल असं वाटत राहतं.

"साधं का पॉवर?"

"साधं. दोनशे दहाचं."

दोनशे नाही, दोनशे दहा. गोल आकड्याला मापात मारतात, हे आमच्या घरातलं जुनं शास्त्र. पुरावा विचाराल तर शून्य. आता तर सगळेच एकशे दहा नि दोनशे दहा सांगतात, त्यामुळे मारणाऱ्याने हे वरचे दहा केव्हाच हिशोबात धरले असणार. तरीही "दोनशेचं" हा शब्द माझ्या तोंडून फुटत नाही.

शेजारच्या नळीपाशी एक गृहस्थ उभे होते. सत्तरीचे असावेत. हेल्मेटखाली घामासाठी पांढरा रुमाल. माझ्या स्कूटरकडे चाकापासून आरशापर्यंत एकदा नजर फिरवून म्हणाले, "किती देते?"

पुढे काही नाही, मागे काही नाही. काय देते, कशात देते, विचारायचं कारण नाही.

"पंचेचाळीस," मी म्हणालो. "हायवेला सत्तेचाळीस."

एकोणचाळीस देते. हायवेला मी ती कधी नेलेलीच नाही.

दुपारी अडीचच्या उन्हात घरी येईपर्यंत मी याच विचारात होतो. ते गृहस्थ कोण, कुठले, जन्मात पुन्हा भेटणार नाहीत. त्यांच्यासमोर सहा किलोमीटर फुगवून मला काय मिळालं?

हे बहुधा घराण्यातून आलंय. सांगलीला आम्ही राहायचो त्या कॉलनीत बारा घरांत सात स्कूटरी होत्या. रविवारी सकाळी त्या धुतल्या जायच्या आणि मग पुरुष मंडळी बनियनवर, हातात चहाची बशी घेऊन, पोरांच्या मार्कांची चौकशी करावी तशी एकमेकांच्या ॲव्हरेजची चौकशी करायची. उत्तरंही मार्कांसारखीच, वरच्या अंगाने. खालच्या मजल्यावरचे काका अठ्ठेचाळीस म्हणाले की बाबा शांतपणे सांगायचे, "आमची पन्नास."

बाबांच्या बजाज सुपरच्या पुढच्या डिकीत एक फडकं, प्लगपाना, एक जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि बँकेची फुकट मिळालेली डायरी असायची. डायरीत चार रकाने: तारीख, लिटर, किलोमीटर, ॲव्हरेज. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशोब. चौथ्या रकान्याचा भागाकार माझ्याकडे, कारण मी तिसरीत होतो आणि सराव व्हायला पाहिजे होता.

"अडतीस पूर्णांक दोन," मी सांगायचो.

"बघ परत करून," बाबा म्हणायचे.

परत केलं तरी अडतीसच यायचे. बाबा लिहून घ्यायचे. खोटं फक्त तोंडी, डायरीत कधीच नाही. रविवारी "पन्नास" ऐकून मी मान वर करून बघायचो, तेव्हा ते बशीतल्या चहात बघत असायचे.

पण अडतीस हा आकडा त्यांना आतून खात असणार, आणि त्याचा दोष स्कूटरवर जाऊ द्यायचा नव्हता. स्कूटर नंबर लावून, वाट बघून मिळालेली. घरच्या माणसाला नाव ठेवू नये तसं. मग उरलं कोण? पेट्रोल. आमच्या घरात कुठल्याही यांत्रिक दुखण्याचं निदान एकच होतं, "पेट्रोल बरं नव्हतं." त्यावरून पंप बदलायचे. माधवनगर रोडचा, मग विश्रामबागचा, मग पार मिरजेच्या वाटेवरचा. पेट्रोलसाठी जाऊन-येऊन किती पेट्रोल जळतं, हे आईने एकदाच विचारलं होतं.

पेट्रोल भरायचं ते सकाळी सहाला. गार पेट्रोल दाट असतं म्हणे, एका लिटरमागे जास्त मिळतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, सकाळी सहा काय नि दुपारी दोन काय, तिथलं तापमान फारसं हलत नाही, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर दर रविवारी पहाटे उठवला गेलो होतो. पंपावर काचेच्या नळकांड्याचा एक हातपंप असायचा, टू-टी ऑइलचा. लिटरला वीस मिली. ते निळसर तेल टाकीत सोडलं की झाकण लावायचं आणि दोन्ही हातांनी हँडल धरून स्कूटर डावीकडे-उजवीकडे डोलवायची, नीट मिसळावं म्हणून. रांगेत चार-पाच स्कूटरवाले एकदम कमरेतून हलताना दिसले की कुठल्यातरी देवाचा उत्सव चालू आहे असं वाटायचं. तोवर मी टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन पेट्रोलचा वास भरून घ्यायचो. जगातल्या पहिल्या तीन वासांतला तो. त्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीने शोधलेलं औषध, ते आमच्यापर्यंत पोचलं आणि सबंध देशातून जायला २००० सालचा फेब्रुवारी उजाडला. माझ्या गणिताचं पुढे जे झालं त्याचा दोष यावर टाकायला हरकत नसावी.

औषधं काय, आमच्या कॉलनीतही निघत होती. खालच्या काकांनी कुठूनतरी ऐकलं की टाकीत डांबरगोळ्या टाकल्या की गाडी पाच किलोमीटर जास्त देते. लिटरला एक गोळी. पंधरा दिवस त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता. टाकीचं झाकण उघडलं की आजीच्या लुगड्यांच्या ट्रंकेचा वास सुटायचा. सोळाव्या दिवशी स्कूटर बसस्टँडसमोर बसली ती बसलीच. फिटरने कार्बोरेटर उघडून जेट त्यांच्या तळहातावर ठेवलं. बारीक भोकात पांढरे खडे अडकलेले. "काका, कपाटात ठेवा गोळ्या," तो म्हणाला.

१९९६ मध्ये तमिळनाडूतला रामर पिल्लई पाण्यात झाडपाला उकळून पेट्रोल करतो अशी बातमी आली, तेव्हा कॉलनीत दोन रविवार ॲव्हरेजचा विषयच निघाला नाही. आता फुकटच होणार होतं सगळं. कुठली पानं असतील यावर पैजा लागल्या. काकांचं मत अडुळसा. पुढे २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा त्या रविवारातलं कुणीच एकत्र राहत नव्हतं. नाहीतर अडुळशाचं काय झालं ते विचारलं असतं.

शेवटी बाबांनी एकदा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. फिटरने टाकीची नळी बंद केली आणि सलाईनच्या रिकाम्या बाटलीत मोजून शंभर मिली पेट्रोल घातलं, ऑइल मिसळलेलं. बाटलीची नळी कार्बोरेटरला. आरशाला बांधली तर हिंदकळते, म्हणून बाटली माझ्या हातात. मी पुढे उभा, एक हात हँडलवर, दुसऱ्या हाताने बाटली उंच धरलेली. आणि रस्ता सांगली-मिरजेचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्या रस्त्याला सलाईन घेऊन निघालेल्या माणसाकडे कोण आश्चर्याने बघणार? दोघा-तिघांनी उलट वाट करून दिली. एका सायकलवाल्याने शेजारी येऊन हळहळत विचारलं, "कोण आहे ॲडमिट?" बाबांची नजर किलोमीटरच्या काट्यावर, ते म्हणाले, "बोलू नका, वेग बदलतो."

वान्लेसवाडीच्या पुढे स्कूटरने दोन आचके दिले आणि थांबली. बाटली कोरडी. काटा तीन पूर्णांक नऊ. दहाने गुणायचं, भागाकार नाही, त्यामुळे "बघ परत करून" म्हणायचीही सोय नव्हती. बाबा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वारा समोरून होता."

त्या रविवारी चहाला त्यांनी सांगितलं, "टेस्ट केली. पन्नास."

पेट्रोलवरचा संशय सगळाच खुळा होता असं मात्र नाही. रॉकेल मिसळायचेच लोक. रेशनचं रॉकेल निळं करतात ते त्यासाठीच, की कुठे मिसळलं तर रंग चुगली करेल. बाबा पंपावर फिल्टर पेपर मागायचे. तो मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, पण मागितल्यावर पंपवाल्याचा चेहरा असा व्हायचा की मला लपावंसं वाटायचं. नोझलचा एक थेंब कागदावर. दोनेक मिनिटांत उडून गेला आणि मागे डाग राहिला नाही तर ठीक. बाबा कागद उजेडात धरून बघायचे, नोटेतला गांधी बघावा तसा. घरात यावर आम्ही भरपूर हसायचो.

२५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाच्या भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. भेसळ पकडायला गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. त्यानंतर फिल्टर पेपरवरून घरात कुणी हसलं नाही.

आता डायरी मोबाईलमध्ये आहे. भागाकार तोच करतो, परत कर म्हणायचं कारण उरलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी स्कूटर चव्वेचाळीस द्यायची, आता एकोणचाळीस. मध्ये एक महिना, पोराच्या "साधं का पॉवर"ला भुलून, महागातलं भरून पाहिलं. एकोणचाळीस पूर्णांक चार. महागातल्यात ऑक्टेन जास्त, पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, ठोका न देता दाब सोसण्याची पेट्रोलची सहनशक्ती, आणि माझ्या स्कूटरला सोसायला एवढं काही पडतच नाही. आपण उगाच पैलवानाचा खुराक कारकुनाला चारतो.

तेव्हा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे संशयित एकच. पेट्रोल. त्यात पंपावर आता "ई-२०"ची पट्टी. वीस टक्के इथेनॉल. आधी २०३० पर्यंत गाठायचं होतं, ते ओढून २०२५ मध्येच गाठलं. गाडी २०१५ ची, तिला कुणी विचारलं नव्हतं. हे सगळं मी तावातावाने मामाला फोनवर ऐकवलं. मामाचा वाळवा तालुक्यात अडीच एकर ऊस.

"म्हणजे माझा ऊस तुझ्या स्कूटरला गोड लागंना व्हय?" मामा म्हणाला.

मी गप्प. त्याच्या गावाला जाताना कारखान्याच्या मळीचा वास एस्टीच्या खिडकीतून आत शिरायचा आणि आम्ही पोरं नाक दाबायचो. त्याच मळीचं आता इथेनॉल होतं, त्यातून कारखान्याला पैसा मिळतो आणि उसाचं बिल त्यातल्या त्यात वेळेवर येतं. मामाचं म्हणणं, तुम्ही पुण्यातली माणसं दोन किलोमीटरसाठी रडताय, आम्ही बिलासाठी वर्ष-वर्ष बसलो होतो. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. माझंही चुकलं असं वाटत नाही.

मात्र हिशोब मांडून बसलो तेव्हा पंचाईत झाली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. त्याचे वीस टक्के, म्हणजे सहा-सात टक्क्यांची घट झाली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर जुन्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्केच धरलेत. चव्वेचाळिसातून तीन गेले तरी एकेचाळीस. आणखी दोन किलोमीटर कुणी खाल्ले?

कोपऱ्यावरच्या फिटरकडे गेलो. त्याने मागचं चाक हाताने फिरवलं, ते अर्ध्या फेऱ्यातच थांबलं. "ब्रेक धरतोय." मग हवा मोजली. एकोणतीस पाहिजे तिथे सोळा. एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला तर पुण्यातली अर्धी मेट्रो त्यातून बाहेर पडली. "आणि शिव्या पेट्रोलला?" असं तो म्हणाला नाही, पण फडक्याला हात पुसताना बघितलं तसंच. सगळं करून तीनशे ऐंशी रुपये घेतले. पुढच्या दोन टाक्यांना एकेचाळीस पूर्णांक एक, एकेचाळीस पूर्णांक तीन.

बाबा आता ऐंशीचे आहेत. स्कूटर सोडून दहा वर्षं झाली. रविवारी सकाळी फोन येतो तो मात्र अजून त्याच चहाच्या वेळेला. तब्येत, पाऊस, आईचा गुडघा हे होईपर्यंत मला माहीत असतं पुढे काय येणार.

"गाडीचं काम केलंस म्हणे. किती देते आता?"

"पंचेचाळीस," मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता. बशीचा आवाज.

"म्हणजे एकेचाळीस," बाबा म्हणाले. "बरी आहे की."