रुबेन डिप: कोबी पिळा, मीठ विसरा

१७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे हा आयरिश सण उलटला की अमेरिकेतल्या कितीतरी फ्रिजांत उकडलेल्या कॉर्न्ड बीफचा, म्हणजे मिठात मुरवलेल्या गोमांसाचा, एखादा तुकडा उरलेला असतो. त्याचं सोनं करायचं तर रुबेन डिप, म्हणजे ब्रेडच्या तुकड्याने उचलून खायचं गरम, घट्टसर चीजचं मिश्रण. कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, साउअरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, रशियन ड्रेसिंग आणि राय या धान्याचा ब्रेड, हे रुबेन सँडविचचं सामान. त्यातला ब्रेड बाहेर ठेवायचा आणि बाकीचं क्रीम चीजमध्ये घोळून भट्टीत तापवायचं. मूळ सँडविच अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातलं की न्यूयॉर्कच्या रुबेन्स डेलीतलं (डेली म्हणजे तयार मांस आणि सँडविचचं दुकान), हे भांडण अजून मिटलेलं नाही. मांस आणि चीज एकत्र असल्यामुळे ज्यू पद्धतीच्या डेलीचं हे नावाजलेलं सँडविच कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, मात्र नाही!

कॉर्न्ड बीफमधल्या ‘कॉर्न’चा मक्याशी काही संबंध नाही. जाड मिठाच्या खड्याला जुन्या इंग्रजीत तसं म्हणत. गाईच्या छातीकडचा भाग, म्हणजे ब्रिस्केट, मिठाच्या आणि मसाल्यांच्या पाण्यात काही दिवस मुरवतात. त्या पाण्यात सोडियम नायट्राइट असतं, म्हणून मांस शिजल्यावरही गुलाबीच राहतं. इथे नवख्यांची दोन्हीकडून फसगत होते. पिशवीत विकत मिळणारं मुरवलेलं ब्रिस्केट बहुधा कच्चंच असतं, ते शिजवावं लागतं. आणि नीट शिजलेला तुकडा गुलाबी दिसतो म्हणून काहीजण तो पुन्हा उकळत बसतात.

कच्चं आणलं असेल तर सुमारे दीड किलोचा तुकडा धुऊन घ्या, बुडेल इतक्या पाण्यात ठेवा आणि झाकण लावून मंद आचेवर अडीच ते तीन तास शिजवा. पाणी खळाखळा उकळू देऊ नका, नुसते बारीक बुडबुडे यायला हवेत. आच मोठी झाली की धागे आवळतात आणि मांस चिवट होतं. काटा सहज रुतला की झालं. ते त्याच पाण्यात कोमट होऊ द्या, मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम मांस चिरायला गेलात तर त्याचा चुरा होतो, गार झालेलं स्वच्छ कापलं जातं. आधी धाग्यांच्या आडवं कापा, मग अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करा. लांब पट्ट्या ठेवल्या तर पहिला पाहुणा एका चिप्सबरोबर अर्ध्या वाडग्यातलं मांस ओढून नेतो.

डेलीतून आणायचं असेल तर पातळ चकत्या न घेता जाड काप मागा. डबाबंद कॉर्न्ड बीफही चालतं, पण तो वेगळाच प्रकार आहे: मऊ, चरबीदार आणि आधीच कुस्करलेला. ३४० ग्रॅमचा डबा फोडण्याआधी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ठोकळा अख्खा निघेल. मग कोरड्या तव्यावर पाच-सहा मिनिटं परतून कडा तांबूस करा आणि सुटलेली चरबी काढून टाका. ही पायरी गाळली तर डिपवर केशरी तेलाचा तवंग येतो आणि चव डब्याचीच लागते.

आठ-दहा जणांसाठी चिरलेलं कॉर्न्ड बीफ २२५ ग्रॅम आणि पूर्ण स्निग्धांशाचं क्रीम चीज २२५ ग्रॅम, म्हणजे अमेरिकेतली आठ औंसांची एक वडी. स्विस चीज १७० ग्रॅम, त्यातलं ५० ग्रॅम वरून पसरायला बाजूला ठेवा. निथळलेलं साउअरक्राउट एक कप, सावर क्रीम पाव कप, मेयोनीज पाव कप, टोमॅटो केचप एक मोठा चमचा, हॉर्सरॅडिश (एका झणझणीत मुळाचा कीस) आणि वूस्टरशर सॉस प्रत्येकी एक छोटा चमचा. मेयोनीजपासून वूस्टरशरपर्यंतचं सामान म्हणजे घरचं रशियन ड्रेसिंगच. त्याऐवजी बाटलीतलं थाउजंड आयलंड एक तृतीयांश कप घाला, फक्त ते गोड असतं हे लक्षात ठेवा. शिवाय अर्धा छोटा चमचा कॅरवेचे दाणे. ते शहाजिऱ्याचे भाऊबंद, राय ब्रेडचा ओळखीचा वास त्यांचाच. आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉर, ज्याला अमेरिकेतल्या दुकानात कॉर्नस्टार्च म्हणावं लागतं.

या यादीत मीठ नाही, आणि ते घालायचंही नाही. मांस खारट, कोबी खारट, चीज खारट, सॉस खारट. सगळं एकत्र करून चव घेतल्यावर फार तर मिरपूड वाढवा. साउअरक्राउट फारच आंबट असेल तर एकदा पाण्याखालून काढा, पण दोनदा धुऊ नका. त्याचा आंबटपणा गेला तर उरतं ते नुसतं चीजचं ओझं.

कोबी पिळणं हेच या पाककृतीतलं खरं काम. नुसता चाळणीत निथळवून भागत नाही. चक्का बांधतो तसा फडक्यात बांधा आणि दोन्ही हातांनी पिळा. कपभर कोबीतून बरंच पाणी निघतं, ते आत राहिलं तर भट्टीत सुटून डिपच्या तळाशी साचतं. पिळून झाल्यावर सुरीने दोन-तीनदा उभा-आडवा चिरा, लांब दोरे राहू देऊ नका.

स्विस चीज घरीच किसा. तयार किसलेल्या चीजला गोळे होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते एकजीव वितळत नाही. घरच्या किसावर कॉर्नफ्लॉर भुरभुरून हाताने हलकं चोळा. फोंड्यू या वितळलेल्या चीजच्या स्विस पदार्थामागची युक्ती हीच: स्टार्च चीजमधल्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, म्हणून तूप वेगळं होत नाही. आणखी खात्री हवी असेल तर किसातलं ३० ग्रॅम स्विस कमी करून तेवढं प्रोसेस्ड चीज घाला. त्यात पायसीकारक क्षार असतात, ते सगळं मिश्रण धरून ठेवतात. स्विस चीजचे भक्त नाक मुरडतील, पण वाडगा शेवटपर्यंत गुळगुळीत राहतो.

क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढा. थंड राहिलं तर कितीही घोटा, पांढऱ्या गुठळ्या उरतातच आणि त्या भट्टीतही विरघळत नाहीत. आधी ते एकटंच फेटा, मग सावर क्रीम, मेयोनीज आणि सॉस घाला, मग किसलेलं चीज, शेवटी मांस आणि कोबी. लिटरभर मापाच्या, चार-पाच सेंटिमीटर खोल भांड्यात पसरा आणि वर राखलेला कीस घाला. १७५ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३५० फॅरनहाइटला, २० ते २५ मिनिटं ठेवा. कडेने बुडबुडे यायला हवेत आणि मधोमध ७४ अंश सेल्सिअस. वर डाग हवे असतील तर शेवटी दोन मिनिटं ब्रॉयलर, म्हणजे भट्टीची फक्त वरची आच, लावा आणि तिथून हलू नका. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात डिप घट्ट होतं आणि तोंडही भाजत नाही.

रश्श्यावर तेल सुटलं की आपण खूश होतो, इथे तेल सुटणं म्हणजे बिघडणं. कारण बहुधा जास्त आच, जास्त वेळ किंवा मेयोनीजवर सोडलेला सैल हात. वरचं तेल कागदी रुमालाने टिपा, दोन चमचे गरम दूध घालून जोरात घोटा. बऱ्याचदा सावरतं. दाणेदार झालं असेल तर मात्र ते परत येत नाही.

पार्टी लांबणार असेल तर स्लो कुकर बरा. ‘लो’वर दीड ते दोन तास, दर अर्ध्या तासाने ढवळत. मग ‘वॉर्म’वर ठेवा, ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. झाकणाखाली घडी घातलेलं स्वच्छ फडकं ठेवलं तर वाफेचं पाणी आत टपकत नाही. वरचं तांबूस कवच यात मिळणार नाही, आणि दोन-अडीच तासांनंतर चीज रवाळ होतं. भट्टीतलं भांडं तसंच टेबलावर ठेवणार असाल तर दोन तासांच्या आत संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका. आदल्या दिवशी सगळं भरून न भाजता ठेवता येतं. भाजताना दहा मिनिटं वाढवा, पण काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापल्या भट्टीत घालू नका, तडकेल.

सोबत राय ब्रेडचे दोन सेंटिमीटरचे चौकोन, १७५ अंशांना दहा-बारा मिनिटं कडक केलेले. खारे प्रेट्झेल चालतात, पण मिठाची बेरीज तिथेही होते. बटाट्याचे चिप्स तर मोडतात. काकडी आणि मुळ्याच्या जाड चकत्या ठेवा, एवढ्या खारट-आंबट-चरबीत त्यांची फार मदत होते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने बैल आणि वळूंची कत्तलही बंद झाली, त्यामुळे हा प्रकार तिथल्या स्वयंपाकघराचा नाही. गोव्यात मात्र ख्रिस्ती घरांत मीठ, सोरा नावाचा क्षार आणि लिंबात मुरवलेली गाई-बैलाची जीभ करतात. उकडून गार केलेली ती जीभ बारीक चिरून याच प्रमाणात घातली तर डिप उत्तम जमतं, फक्त उकडताना पाणी एकदा बदला.

उरलेलं डिप झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. फ्रीझरमध्ये घालू नका, क्रीम चीज फाटतं. दुसऱ्या दिवशी राय ब्रेडच्या दोन कापांमध्ये जाड थर देऊन लोण्यावर मंद तव्यावर भाजा. ब्रेड पुन्हा आपल्या जागी आला की रुबेन परत सँडविच होतं.