मूठ सैल करण्याचे पाच महिने

पावसाळा ओसरून मुळा नदीचे पाणी स्थिरावल्यावर, नोव्हेंबरमध्ये, मी एकेरी स्कलमध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद शर्यतीच्या होडीत, बसू लागलो. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ साली याच प्रकारात १३वे स्थान मिळवणाऱ्या दत्तू भोकनळ यांच्यामुळे मी या खेळाकडे वळलो होतो आणि सारा प्रश्न पायांच्या व पाठीच्या ताकदीचा आहे, असे तेव्हा मला वाटत होते. प्रत्यक्षात आजवरचा बहुतेक सराव वल्ह्याची मूठ धरायला शिकण्यातच गेला.

पहिल्या दोन महिन्यांत माझ्या तळव्यांवर फोड आले. ते पाहताच प्रशिक्षकांनी ओळखले की मी मूठ तळव्यात आवळून धरतो आणि त्यामुळे फिनिशला, म्हणजे वल्हे ओढून झाल्यावर, पाते आडवे करण्यासाठी मला मनगट वाकवावे लागते. मनगट खाली गेले की घाईत पाते पाण्याबाहेर येण्याआधीच आडवे होते, पाण्यात अडकते आणि मूठ पोटावर आदळते. त्या काळात दर फेरीत दोन-तीन वेळा तरी मला असा क्रॅब लागत असे.

सुधारणा झाली ती गेटची, म्हणजे वल्हे ज्यात अडकवलेले असते त्या होडीच्या बाजूच्या खोबणीची, रचना नीट पाहिल्यावर. वल्ह्याच्या दांड्यावरील स्लीव्हला (गेटमध्ये बसणाऱ्या आवरणाला) सपाट बाजू असतात. त्यामुळे पाते उभे असो वा आडवे, स्लीव्ह गेटमध्ये आपोआप टेकून बसते आणि बोटांनी करायचे असते ते केवळ एका बैठकीतून दुसरीत वल्हे गडगडवण्याचे काम. अंगठा मुठीच्या टोकावर ठेवून बाहेरच्या बाजूला हलका, सतत दाब दिला की कॉलर (स्लीव्हवरचे कडे) गेटला चिकटून राहते आणि मूठ आवळण्याची गरजच उरत नाही. माझी वल्ही सुमारे २८५ सेंमी लांब असून त्यांतील ८८ सेंमी भाग गेटच्या आत राहतो. म्हणजे मूठ १ सेंमी वरखाली झाली तर पात्याचे टोक २ सेंमीहून अधिक हलते. हा हिशेब मांडल्यावर, आवळलेल्या हाताची थरथर होडीला इतकी का जाणवते, हे मला उमगले.

जानेवारीपासून मी प्रत्येक फेरीची पहिली दहा मिनिटे फेदर न करता, म्हणजे पाती आडवी न फिरवता, उभीच ठेवून वल्हवतो. त्यामुळे फिनिशला मुठी सरळ खाली दाबून पाती स्वच्छ बाहेर काढल्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यानंतर एका हाताने फेदर आणि दुसरे पाते उभे, असा सराव करतो. माझा डावा हात अजूनही मागे आहे, हे त्यात लगेच दिसते. मुठी एकमेकींवरून जातात तेव्हा डावा हात वर ठेवण्याची सवय मात्र लवकर लागली, कारण ती चुकली की डाव्या हाताची नखे उजव्या हाताच्या सांध्यांवर ओरखडे काढतात.

जलपर्णी वाढू लागल्यापासून मोकळा पट्टा आखूड झाला आहे, तरी या सरावाला तो पुरतो. मिनिटाला १८ स्ट्रोकपर्यंत आता फेदर बोटांनीच होते आणि पाती कॅचच्या, म्हणजे पाण्यात शिरण्याच्या क्षणाच्या, आधी पुरेशी लवकर उभी होतात. २४ च्या पुढे गेलो की डावे मनगट पुन्हा वाकू लागते. म्हणून पुढचे काही आठवडे मी २० ते २२ च्या गतीवरच राहणार आहे.