डांबर संपलं तरी कायदा संपत नाही : कोल्हापूर पासिंगची ट्रेल बाईक बेळगावात आणताना

कोल्हापूर पासिंगची जुनी एक्सपल्स २०० (हिरोची कच्च्या वाटेवर चालणारी ट्रेल बाईक) बेळगावात आणून तिला बेळगावचा केए-२२ नंबर मिळवण्याच्या निमित्तानं मोटार वाहन कायदा मला कलमाकलमानं वाचावा लागला. खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात मातीत गाडी घालणारी बरीच पोरं आहेत. माळावर किंवा बंद पडलेल्या मुरुमाच्या खाणीत बिनपासिंगची गाडी फिरवली तर कोण विचारतंय, असं त्यातल्या पुष्कळांना वाटतं. पण १९८८ च्या कायद्याचं कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवायची नाही. सूट मिळते ती कलम २(२८) च्या व्याख्येतून. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी असलेलं खास वाहन, आणि चारपेक्षा कमी चाकांचं, २५ सीसीपर्यंतचं वाहन या कायद्यात मोटार वाहन धरलं जात नाही. कुंपण घातलेल्या ट्रॅकवरच्या गाडीसाठी ही सूट मागता येते. गायरान, तळ्याचा काठ किंवा देवळाकडं जाणारी पाणंद मात्र तिच्यात बसत नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्यानं सार्वजनिकच असते.

म्हणून गाडी घ्यायच्या आधी एकच कागद मागा : फॉर्म २२. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे हे त्यात कंपनी लिहून देते. तो नसेल तर आरटीओत नोंदणीचा अर्ज, म्हणजे फॉर्म २०, भरून उपयोग नाही, नोंदणी होतच नाही. कावासाकी केएक्स २५०, केएलएक्स १४०आर, सुझुकी आरएम-झेड ही जातिवंत डर्ट बाईक मंडळी ट्रॅकपुरतीच विकली जातात. त्यांना हेडलाईट आणि इंडिकेटर लावून घेतले म्हणून त्या पासिंगला बसत नाहीत. ऑनलाईन मिळणाऱ्या ४९ सीसीच्या टू-स्ट्रोक पिट बाईकचंही (छोट्या डर्ट बाईकचंही) तेच. ती २५ सीसीच्या वर असल्यामुळं ‘खेळणं आहे’ हा बचाव टिकत नाही. इलेक्ट्रिक गाडी २५० वॉटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तरच नोंदणीतून सुटते. मातीत चालणारी बहुतेक इलेक्ट्रिक बाईक या मर्यादेच्या खूप वर असते.

जुनी गाडी राज्य ओलांडून आणायची तर सुरुवात विकणाऱ्याच्या आरटीओतून होते. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २८ भरून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मागायची. त्याआधी थकलेले ई-चलन, संपलेला विमा आणि कर्जाचा बोजा साफ करून घ्यायचा. फायनान्सची गाडी असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. कलम ४८ प्रमाणं ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची असते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७. घेणाऱ्यानं ३० दिवसांत मालकी बदलाची खबर द्यायची आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. परराज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही, हे कलम ४७. सीमाभागात एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, गाडी वर्षानुवर्षं बेळगावात फिरताना दिसते खरी, पण तपासणीत ती अडकली की कर्नाटकाचा आजीवन कर भरावाच लागतो. हा कर गाडीची मूळ किंमत आणि वय बघून ठरतो. तो भरून झाला की महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मूळ आरटीओकडं मागायचा. त्या अर्जाला नव्या आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत जोडावी लागते.

आपल्या भागात काम अडतं ते नावावरून. महाराष्ट्राच्या आरसीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतं. इकडच्या आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं किंवा आडनाव आधी येतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी खिडकीवरून अर्ज परत येतो. आधार, विमा आणि फॉर्म ३० या तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून मगच अर्ज करावा.

दुसरी अडचण चेसिस नंबरची. नंबर स्टेअरिंग हेडवर कोरलेला असतो आणि त्याचा पेन्सिलनं काढलेला ठसा कागदांना जोडावा लागतो. मातीत चालवलेल्या गाडीची फ्रेम बऱ्याचदा पावडर कोटिंग करून घेतलेली असते. त्या थराखाली अक्षरं बुजतात आणि ठसा उमटत नाही. व्यवहार ठरवण्याआधी स्वतः ठसा काढून बघा. नंबर बुजलेला असेल तर आरटीओच्या परवानगीशिवाय पुन्हा कोरायचा नाही. परस्पर कोरलेला नंबर चोरीच्या गाडीची शंका आणतो.

तपासणीला जाताना गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी. मूळ सायलेन्सर, दोन्ही आरसे, चारी इंडिकेटर, मागचा मडगार्ड आणि एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी. पाटीचं माप पुढं २८५ बाय ४५ आणि मागं २०० बाय १०० मिलिमीटर. झाडीत अडकते म्हणून शेपटी कापून पाटी सीटखाली वळवणं हा वेगळा गुन्हा होतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी नोंदता येत नाही. कलम १८२ए(४) खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज करणारा सायलेन्सर कलम १९०(२) मध्ये जातो. तिथं १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द. एक्सपल्सला उंच सस्पेन्शनच हवं असेल तर कंपनीनं मान्यता घेऊन विकलेलं प्रो मॉडेल घेणं बरं. बाहेरून किट बसवण्यापेक्षा तो मार्ग सरळ आहे.

रस्त्यावरचे दंड थोडक्यात. नोंदणी नसली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडल्यास १०,००० पर्यंत किंवा वर्षापर्यंत कैद, शिवाय कलम २०७ खाली गाडी जप्त. लायसन्स नसेल तर ५,००० आणि विमा नसेल तर २,००० हे केंद्राच्या कायद्यातले आकडे. कर्नाटकानं सप्टेंबर २०१९ मध्ये जागेवर भरायचे काही दंड कमी केले. हेल्मेटचा १,००० चा ५०० झाला तो तेव्हाच. चोच असलेलं डर्ट हेल्मेट चालतं, पण त्यावर आयएसआय शिक्का हवा. माळावर वेळ लावून शर्यत घेतली आणि सरकारची लेखी परवानगी नसली तर कलम १८९ लागतं.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती मुलांची. सोळा वर्षांच्या पोराला लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर कलम १९९ए खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. बिनविम्याच्या गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाईचा सगळा बोजा मालकावर. त्यात शेत विकायची वेळ येऊ शकते.

हे सगळं रस्त्याचं झालं. जंगलाचा कायदा याहून कितीतरी कडक आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. गवाळी, पास्तोली, कोंगळा ही गावं त्याच्या आत आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणं अभयारण्यातून सार्वजनिक रस्त्यानं जाणाऱ्याला मुभा आहे. रस्ता सोडून चाक आत घातलं की ती संपली. कलम २८ खालचा परवाना अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, संशोधन किंवा तिथल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार यासाठी मिळतो. ट्रेल रायडिंग असं कारण त्या यादीत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड अशी आहे. खटला न चालवता गुन्हा मिटवायच्या तडजोडीची रक्कमच ५ लाखांपर्यंत जाऊ शकते. याच वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी राज्य सरकारची मालमत्ता ठरते. दक्षिणेला लागून असलेल्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात शिरलात तर शिक्षा आणखी वाढते.

अभयारण्याबाहेरचं रानही मोकळं नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या राखीव जंगलाला कर्नाटक वन कायदा १९६३ लागतो. चंदगडच्या हद्दीत गेलात की १९२७ चा भारतीय वन कायदा, आणि चोर्ल्यातून खाली उतरलात की गोव्याचं म्हादई अभयारण्य. फोनवरच्या नकाशात पायवाट दिसते म्हणून ती चालवायला मोकळी असते असं नाही. जायच्या आधी त्या भागाच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारावं. खाजगी माळ असेल तर मालकाकडून सर्व्हे नंबर, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घ्यावी, खाण असेल तर लीजधारकाकडून. त्या चिठ्ठीनं अतिक्रमणाची तक्रार टळते. नोंदणीतून मात्र ती सूट देत नाही.

गाडी कलम २०७ खाली अडकली असेल तर आरसी, विमा, लायसन्स आणि दंडाची पावती घेऊन त्याच अधिकाऱ्याकडं किंवा आरटीओकडं सोडण्याचा अर्ज द्यायचा. पोलिसांनी गुन्हा नोंदवून जप्त केली असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलंय की गाड्या ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून बाँडवर सोडाव्यात. अर्जात त्याचा उल्लेख करावा आणि जामीनदाराची कागदपत्रं सोबत न्यावीत. ताबा घेताना ओडोमीटर, टायर आणि टाकीचे फोटो काढून घ्या. बाँडवर सुटलेली गाडी खटला संपेपर्यंत विकू नका, रंगवू नका, आणि न्यायालयानं बोलावलं की आहे त्या स्थितीत हजर करा.