आधी सांगा, कधी येताय?

माझं गाव खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आम्ही तिकडे कधी आलोच नाही. दोन-तीन दिवस मिळाले, तर काय काय बघायचं?" ऑफिसात, सोसायटीत, लेकीच्या शाळेतल्या इतर आयांकडून, पुण्यात आल्यापासून हा प्रश्न मी सतत ऐकते. पूर्वी मी तिथल्या तिथे यादी लिहून द्यायचे. आता आधी उलट विचारते, कधी येताय?

त्याला कारण घडलं. एक मैत्रीण माझीच यादी घेऊन एप्रिलच्या शेवटी गेली. दोन दिवसांत सात ठिकाणं केली. परत आल्यावर म्हणाली, "ऊन फार गं. बाकी छान." ते 'बाकी छान' मला फार लागलं. तिची काही चूक नव्हती. जळगाव-भुसावळकडे त्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो, आणि मी तिला भर दुपारी, कोरड्या धबधब्यांच्या आणि तापलेल्या फरशांच्या गावाला पाठवलं होतं. ठिकाणं बरोबर होती, महिना चुकला होता. तेव्हापासून ठरवलं की आमच्याकडे यायचं तर महिना धरून यायचं, ठिकाणं त्याच्या मागून येतात. तुम्ही विचारलंत म्हणून हे सगळं नीट सांगते.

आधी नकाशा. खानदेश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे जाणारी तापी. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून खानदेश म्हणतात. १९०६ मध्ये इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. नंदुरबार तर १९९८ पर्यंत धुळ्यातच होतं. जुनी माणसं मात्र बऱ्हाणपूर आणि मालेगावही आपल्यातच धरतात. जमीन काळी, भारी. या मातीत कापूस, ज्वारी, केळी होतात. आणि वांगी.

तुमच्या हातात असेल तर मार्गशीर्ष-पौषात या. आमच्या घरी चंपाषष्ठी झाली की वांगी खायला सुरुवात होते. हे वांगं तुमच्या मंडईतलं जांभळं नव्हे. हिरवट-पांढरं, हातभर वाटावं असं मोठं, बिया कमी आणि गर लोण्यासारखा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या केळीलाही आहे. आमच्या भागात बामणोदच्या वांग्याचं नाव घेतात. घरोघरी यावर वाद होतात, मी त्यात पडत नाही, आमच्या शेतातलंच मला सगळ्यात गोड लागतं.

भरीत शेतात करतात. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. हा जाळ भरकन पेटतो, भरकन विझतो, साल जळते आणि आत धूर मुरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, कितीही प्रयत्न करा. मग साल काढून गर लाकडी बडगीत घालायचा आणि ठेचायचा. बडगी म्हणजे खोलगट लाकडी भांडं. हे काम आमच्याकडे पुरुष करतात, आणि त्या दिवशी मामा-काकांना चुलीजवळून कोणी उठवू शकत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून त्यात जातो. तेलात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप परतायचे, वरून भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. केळीच्या पानावर भरीत, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, कांदा, मुळा. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं पीठ. ही भाकरी काळपट दिसते म्हणून लहान मुलं आधी नाक मुरडतात. माझ्या लेकीनेही मुरडलं होतं. तिसऱ्या घासाला तिने तेल आणि ठेचा मागितला.

त्या वेळी थंडी चांगली असते. सूर्य कलला की शेतात स्वेटर लागतो. उठून जाववत नाही, माणसं जाळाभोवती बसून राहतात, पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढतात. तुम्हाला कोणी "अजून घ्या" म्हटलं तर ते तोंडदेखलं नसतं. नको म्हणायचं असेल तर पानावर हात आडवा धरावा लागतो, शब्दांनी भागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या बागेतून चाला. जूनच्या सुमारास लावलेला मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेला कांदेबाग, दोन्ही वेगवेगळ्या उंचीला उभे असतात. आत शिरलं की हवा एकदम गार लागते. रावेर आणि सावद्याच्या स्टेशनांवरून ही केळी रेल्वेने उत्तरेला जातात. सावदा-फैजपूरच्या रस्त्यावर कढईतून काढलेले गरम वेफर्स मिळतात, ते तिथेच उभं राहून खा, पिशवीत घरी आणलेल्यांना ती चव राहत नाही.

फैजपूरला गेलात तर दोन मिनिटं थांबा. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी मंडप सजवला होता. माझे पणजोबा बैलगाडी जुंपून तिथे गेले होते आणि येताना पायी आले, कारण गाडी त्यांनी पाणी वाहायला देऊन टाकली होती. आमच्या घरात ही गोष्ट चार पिढ्या सांगितली जातेय. लहानपणी मी नेहरूंचा फोटो बघायचे आणि मनात आमची गाडी यायची.

तिथून पुढे मुक्ताईनगरकडे चला. याचं जुनं नाव एदलाबाद. इथल्या चांगदेव गावाजवळ तापी आणि पूर्णेचा संगम आहे, काठावर चांगदेवाचं देऊळ, आणि जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताबाईची देवळं. चौदाशे वर्षं जगलेला योगी म्हणून ज्याचा दरारा, त्या चांगदेवाने वयाने लहानशा मुक्ताबाईला गुरू केलं, आणि तापीकाठीच विजांच्या कडकडाटात मुक्ताबाई गुप्त झाली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. दोघांची ठिकाणं एका दिवसात पाहून होतात. मी घाटाच्या पायऱ्यांवर बसते आणि दोन नद्यांच्या पाण्याचे रंग कुठे मिसळतात ते बघते. आषाढीसाठी मुक्ताबाईची पालखी इथूनच पंढरपूरला निघते, महिनाभराहून जास्त चालते. माझी आजी त्या पालखीत तीनदा गेली. चौथ्यांदा गुडघ्यांनी नाही म्हटलं, तर वेशीपर्यंत गेली आणि पालखी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, गर्दी सोसत असेल तर तेव्हा या.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या सुट्ट्या तर मेमध्येच असतात. मग आखाजी धरून या. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. तुमच्याकडे हा सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्याकडे हा लेकीचा सण आहे, दिवाळीएवढा मोठा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, कडुनिंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. पूर्वजांच्या नावाने घागर भरतात, घागरीवर डांगर ठेवतात, म्हणजे तुमचं खरबूज. शेतावरच्या सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, वर्षही याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. आणि खापरावरची पुरणपोळी! पालथ्या मातीच्या खापरावर भाजलेली, पोळपाट-लाटण्याशिवाय दोन्ही हातांवर फिरवत मोठी केलेली, जवळजवळ पारदर्शक. माझी मोठी मामी ती कोपरापर्यंत पसरवते. मला वीस वर्षांत जमलेली नाही, मध्यात फाटते. आमरसात बुडवून खायची आणि दुपारभर झोपायचं. उन्हाचं एकच सांगते, सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर पडा. मधल्या वेळात गावही घरात असतं, तुम्हीही असा.

श्रावणात आलात तर चाळीसगावकडे वळा. पाटणादेवीचा परिसर तेव्हा हिरवागार असतो आणि डोंगरातून पाणी कोसळत असतं. गणिती भास्कराचार्यांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. हा चांगदेव वेगळा, तापीकाठचा नव्हे, इथे पाहुण्यांची नेहमी गल्लत होते. आजोबाचं गणित पुढच्या पोरांना कळावं म्हणून नातवाने शाळा काढावी, आणि ते दगडावर लिहून ठेवावं, हे वाचलं की मला फार बरं वाटतं. चाळीसगावातच स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. हा छायाचित्रकार आयुष्याची कितीतरी दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर मिठाचा, कापसाचा, काड्यांचा देखावा मांडून त्याने काढलेले फोटो पाहिले की खऱ्या बर्फातलं गाव वाटतं. श्रावणातच नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमच्याकडची देवी, बसते. तेव्हा भाऊबंद कुठून कुठून गावाकडे येतात. रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच राहतो, म्हणून तो मागू नका, पण सोमवारची मिरवणूक जरूर बघा.

अमळनेरला माझी कॉलेजातली मैत्रीण राहते, ती अहिराणी बोलते, मी लेवा गणबोली. या खानदेशातल्या दोन बोली, दोन्हीत 'ळ' चा 'य' होतो. आम्ही घरी जळगावला 'जयगाव' म्हणतो आणि डोळ्याला 'डोया'. बहिणाबाई चौधरी माझ्याच लेवा गणबोलीत बोलल्या. असोदा त्यांचं माहेर, जळगाव सासर, अक्षरओळख नव्हती. त्या शेतात आणि घरात काम करता करता ओव्या रचायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. शाळेत आमच्या बोलीला हसायचे. वर्गात मी 'कायजी' म्हटलं आणि बाईंनी मला काळजी हा शब्द दहा वेळा लिहायला लावला. पुढे त्याच बोलीतली कविता पाठ्यपुस्तकात आली तेव्हा मी ती घरी आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, "हे तं आपलंच बोलनं." म्हणून पाहुण्यांना माझी विनंती असते, कोणी बोलीत बोललं तर त्याला प्रमाण मराठीत आणायला लावू नका. कान द्या, दुसऱ्या दिवशी सगळं समजायला लागतं. अमळनेरात साने गुरुजी शिक्षक होते, तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था १९१६ पासूनची आहे, आणि १९४५ साली इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली.

धुळ्यात इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर सोडू नये, जुन्या हस्तलिखितांसाठी. नंदुरबारकडे मी स्वतः पाहुणीसारखीच गेलेय. मिरच्यांच्या हंगामात तिकडच्या पथाऱ्या लांबूनच लाल दिसतात आणि डोळे चुरचुरतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, होळीला काठी या गावी आदिवासींची राजवाडी होळी असते. होळीला जाणार असाल तर तिथल्या ओळखीच्या माणसासोबत जा आणि नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका. तो त्यांचा सण आहे.

अजिंठ्याचं विचारणारे खूप असतात. जळगावहून साठेक किलोमीटर, सोमवारी लेणी बंद असतात. जरूर जा. फक्त अजिंठ्यासाठी जळगावला उतरून त्याच रात्री गाडी पकडू नका, एवढंच माझं मागणं आहे.

जेवणाचं एक राहिलं. ढाब्यावर शेवभाजी मागवाल, तेव्हा शेव वेगळी मागा आणि रस्सा ताटात आल्यावर घाला, नाहीतर भिजून गोळा होतो. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. वर लाल तर्री नसली म्हणून फसू नका, आमचा काळा मसाला घशात गेल्यावर बोलतो. ज्यांना ते नको त्यांनी वरण-बट्टी मागवावी, वर तूप.

मागच्या डिसेंबरात तीच मैत्रीण पुन्हा आली. या वेळी यादी दिली नाही. ती तीन दिवस आमच्याच घरी होती, त्यातला एक दिवस पूर्ण शेतात. जाताना तिने आईकडून बडगी मागितली. आईने दिली नाही, ती पणजीची आहे, पण सुताराकडून तिच्यासाठी नवी करून घेतली.

तुम्हीही या. घर गावात शिरताच उजव्या हाताला आहे, पुढे चिंच. फक्त दोन दिवस आधी कळवा, कळणा गिरणीतून दळून आणावा लागतो.